इंजिनात मुरलेलं पाणी

आमच्या वॅलरू साइडिंगच्या कोंबड्या एके काळी तडकलेली अंडी घालत. कवचाला आतूनच चीर गेलेली असे, जणू पिल्लाने बाहेर यायच्या घाईत दार ठोठावलं असावं. ब्रिस्बेनकडची माणसं हे ऐकून हसतात. हसू देत. त्यांनी डॉक्टरबाईंचं इंजिन ऐकलेलं नाही. त्या आवाजाने हर्बर्ट नदीतल्या मगरी पलीकडच्या काठाला राहायला गेल्या होत्या, आणि म्हाताऱ्या सिन्योरा पालुम्बोची कवळी पेल्यातून चालत चालत टेबलाच्या कडेपर्यंत यायची. मी स्वतः ती दोनदा झेलली आहे.

इंजिन मुळात आमच्याच गावचं. उसाच्या डब्यांची माळ कारखान्यापर्यंत ओढणारी जी छोटी गाडी होती, तिचं. गाडी मी चालवायचो आणि इंजिनाची दुखणीखुपणी नेल्लो बोनाकोर्सो बघायचा. गाडी मोडीत निघाली, तेव्हा इंजिनही भंगारात जायचं. पण तेवढ्यात दक्षिणेकडून डॉ. एल्स्पेथ टॅलिस आल्या. उंच, काटकुळ्या, डोक्यावर पुरुषी टोपी. घोडा विकत घेताना दात बघावेत तसं त्यांनी इंजिन खालून-वरून पाहिलं आणि ते नदीकाठच्या जुन्या साखरेच्या गोदामात नेऊन ठेवलं. नेल्लोही इंजिनामागोमाग गेला, वासरामागे गाय जावी तसा.

गोदामात बाईंनी सहापैकी पाच सिलिंडरांना मौनव्रत दिलं. उरलेल्या एकाच्या पिस्टनला वरच्या बाजूने काचेची खिडकी बसवली, तिच्याखाली तिरका आरसा आणि आरशासमोर कॅमेरा. इंजिनाच्या पोटात आग नेमकी कशी पेटते, ते बाईंना डोळ्यांनी बघायचं होतं. या उद्योगाचं नाव कमी तापमानाचं ज्वलन. गावाने त्याचं केलं थंड आग. पबवाला ऑसी त्यांना म्हणाला, "बाई, जमली की एक बादलीभर मला द्या. बिअर ठेवायला बरी."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ऑसीला बसवून समजावलं. डिझेल जळतं ते एका जागी भडकून जळतं. जिथे फार तापतं तिथे हवाच जळते आणि विषारी वायू होतात, जिथे हवा कमी पडते तिथे काजळी धरते. त्यापेक्षा उसाच्या मळीतून काढलेल्या मद्यार्काची वाफ आधीच सगळ्या हवेत सारखी मिसळायची आणि वरून डिझेलचा जेमतेम शिंतोडा मारायचा. मग सगळा ऐवज मवाळपणे पेटतो. काजळी नाही, विष नाही. "चुलीत रॉकेल ओतणं वेगळं, आणि निखारा फुंकणं वेगळं," बाई म्हणाल्या.

ऑसी म्हणाला, "म्हणजे आमच्या मळीची दारू तुम्ही इंजिनाला पाजणार, आणि स्वतः मात्र चहा पिणार."

ते खरंच होतं. बाई कट्टर मेथडिस्ट घरातल्या. आयुष्यात थेंब चाखलेला नव्हता.

अडचण एवढीच होती की आग मवाळपणे पेटत नव्हती. सगळी वाफ एकदम पेट घ्यायची आणि पिस्टनवर हातोडा बसायचा. ठक! ठक! ठक! मग काच तडकायची. ती काच साधी नव्हे, स्फटिकाची. जर्मनीहून यायची आणि यायला एवढा वेळ लावायची, की मधल्या काळात शेतातला ऊस कमरेएवढा व्हायचा. ऊसवाल्यांचं मंडळ गोदामाचा खर्च चालवत होतं, आणि मंडळाचे अध्यक्ष क्लेम हॅनरॅटी दर भेटीत फुटक्या काचांच्या खोक्याकडे बघून घसा खाकरायचे.

आता नेल्लोकडे येतो, कारण गोष्ट त्याची आहे.

नेल्लो म्हणजे दारातून आडवा होऊन आत येणारा गडी. मिशा एवढ्या दाट की जेवणानंतर तासभर त्यात चीज सापडायचं. त्याला खोटं बोलता यायचं नाही. म्हणजे तोंड बोलायचं, पण मिशा थरथरायच्या. त्याच्या धाकट्या मुलीचं, सान्तीनाचं लग्न ठरलं होतं. आता आमच्या सिसिलीकडच्या लोकांत लग्नाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात मुलीच्या बापाने स्वतःच्या हाताने केलेल्या रोझोलिओची छोटी बाटली द्यावी लागते. लिंबाच्या साली तीव्र मद्यार्कात मुरवायच्या, मग साखरेचा पाक. झालं. पण मद्यार्क हवा अगदी शुद्ध. नाहीतर साल रंग सोडत नाही आणि बाटलीत गढूळ पाणी दिसतं. दुकानात तो सरकारी करामुळे परफ्युमच्या भावाने मिळतो. थोरल्या मुलीच्या लग्नात नेल्लोने दुकानातल्या व्होडकावर भागवलं होतं, आणि त्याची बायको आगाता त्याला ते आजतागायत विसरू देत नव्हती.

"माझ्या माहेरचे लोक अजून विचारतात," ती म्हणायची. "म्हणतात, आगाता, ते लग्नात कसलं औषध दिलं होतं गं? खोकला अगदी थांबला."

आगाताचं माहेर इटलीच्या उत्तरेकडचं, पिएमोन्तेचं. त्या लोकांना आम्ही सिसिलीवाले म्हणजे दगडावर कपडे वाळवणारे वाटतो.

आणि इकडे गोदामाच्या कोपऱ्यात मद्यार्काचं भलंमोठं पिंप उभं. खास परवान्यावर आणलेलं. कारखान्यातल्या स्पिरिटात पिऊ नये म्हणून घाण मिसळतात, पण त्या घाणीने काच डागाळते, म्हणून बाईंनी बिनघाणीचं, निर्मळ, अंगठी बुडवली तर हिरा दिसेल असं मागवलेलं.

एका सकाळी बाई पोस्टात गेल्या होत्या. नेल्लोने पिंपाला रबरी नळी लावली आणि चार मोठे काचेचे बुधले भरून घेतले. पिंपाच्या अंगावर पातळी दाखवणारी काचनळी होती. ती खाली गेलेली दिसली. मग त्याने पावसाच्या टाकीतून झारीने पाणी आणून पिंप होतं तिथवर भरलं. नळाचं घेतलं नाही, कारण नळाच्या पाण्यात चुना, इंजिनाला बाधेल. बघा, चोरी करतानासुद्धा मालकिणीच्या इंजिनाची काळजी!

"इंजिन तरी काय करणार होतं?" तो मला नंतर म्हणाला. "जाळूनच टाकणार होतं ना, सिरो? मी पाहुण्यांच्या पोटात घातलं. पुण्यच की!"

मिशा मात्र थरथरत होत्या.

पहिल्या आठवड्यात इंजिनाची ठकठक जरा खाली आली. दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, बाईंनी इंजिन चालू केलं आणि ते नुसतं घुरघुरलं. पोट भरलेल्या मांजरासारखं. ठोका नाही, काजळी नाही, विषारी वायूचा काटा तळाला टेकलेला. कॅमेऱ्यात भडक पिवळ्या ज्वाळेच्या जागी निळसर, शांत उजेड, जणू बशीत कोणी चांदणं ओतलंय. बाईंनी डोक्यावरची टोपी काढली. आम्ही सात वर्षांत त्यांचे केस पहिल्यांदा पाहिले.

"नेल्लो! ऐकतोयस का?"

"नाही डॉक्टरबाई."

"अरे, तेच तर! काहीच ऐकू येत नाही!"

त्या त्याच्या गळ्यात पडल्या. बाई कुणाच्या गळ्यात पडतील ही गोष्ट थंड आगीपेक्षा नवलाची. आणि त्याच क्षणी, नेल्लो शपथेवर सांगतो, इंजिनातली ठकठक उडी मारून त्याच्या छातीत शिरली.

तिथून माणसाची झोप गेली, अन्न गेलं. पिंपात पाणी आहे म्हणून इंजिन असं गप्प झालंय, हे त्याला कळत नव्हतं. त्याला वाटलं, आपण इंजिनाला मारलं. हळूहळू विष देऊन. घशात पाणी जाऊन बोलती बंद झालेलं जनावर, आणि बाई बिचाऱ्या त्याच्या मुकेपणाचा उत्सव करताहेत! तो सकाळी सगळ्यांच्या आधी गोदामात जाऊन इंजिनाच्या पोलादाला कान लावून उभा राहायचा.

"कसा आहेस रे?" तो विचारायचा. आणि त्याला उत्तर ऐकू यायचं: ठक.

"ते तुझ्या छातीत वाजतंय, गाढवा," मी म्हणालो.

"मग छातीतल्याला कोण उत्तर देणार?" तो म्हणाला. 

लग्न झालं. तसं लग्न गावाने पाहिलं नाही. केकचा वरचा मजला बघायला शिडी लावावी लागली. रोझोलिओ तर असं उतरलं होतं की बाटली उन्हात धरली की भिंतीवर लिंबू दिसायचं. आणि गंमत म्हणजे बाटल्या दोन रंगांच्या. नेल्लोच्या पिवळ्या, आणि आगाताच्या माहेरच्यांसाठी हिरव्या अक्रोडांच्या काळसर.

"ही काळी कुठून आली?" नेल्लोने विचारलं.

"बहिणीने केली," आगाता म्हणाली. "तुझ्या लिंबाच्या सरबतावर माझे मामा समाधानी होतील असं वाटलं का तुला? जा, पाहुण्यांकडे बघ."

डॉक्टरबाई पहिल्या रांगेत. नवऱ्यामुलाच्या आजीने त्यांच्या हातात बाटली कोंबली आणि घेतल्याशिवाय हलेना. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, बहुधा आकाशातल्या वडिलांकडे, आणि ओठ ओले केले. मग घोट घेतला. मग दुसरा.

"नेल्लो, हे... हे किती स्वच्छ आहे!" त्या म्हणाल्या. "याच्यात काय वापरलंस तू?"

नेल्लोच्या मिशा अशा थरथरल्या की बँडवाल्याला वाटलं, हा ताल देतोय.

"लिंबं," तो म्हणाला. "लिंबं, बाई. नुसती लिंबं."

त्यानंतर त्याने पिंपाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पण खाई त्याला खवखवे. बाई दररोज त्याच्याशी अधिकच गोड वागू लागल्या. चहात त्याच्यासाठी साखर घालून ठेवू लागल्या. आपल्या शोधाचा मोठा लेख लिहिला, त्याच्या शेवटी नेल्लोच्या निष्ठेचे आभार मानले, आणि ती ओळ त्याला वाचून दाखवली. निष्ठा हा शब्द ऐकून तो बाहेर गेला आणि उसाच्या फडाकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला.

मग बाईंनी मंडळाला कळवलं की इंजिनाला वठणीवर आणलंय, या आणि बघा. हॅनरॅटींचा निरोप आला की मंडळ येतं. पण या खेपेला काच फुटलेली दिसली तर गोदामाला कुलूप.

जुनं पिंप संपत आलं होतं. नवं आलं, तोंडावर सरकारी मोहोर. बाईंनी त्यावर थाप मारली.

"मंडळासमोर हेच फोडायचं, नेल्लो. सीलबंद. म्हणजे कोणाला शंका नको. तोवर इंजिन झाकून ठेव. काचा आता दोनच उरल्यात, एक बसवलेली आणि एक खोक्यात."

नेल्लो घरी गेला तो रंग उडालेला. नव्या पिंपात पाणी नव्हतं. जुन्या दिवसांत शुद्ध मद्यार्कावर इंजिन कसं ठोकायचं ते त्याला आठवलं आणि पहिल्यांदाच त्याच्या डोक्यात उजेड पडला. इंजिन मुकं झालं होतं ते मेल्यामुळे नव्हे, त्याच्या पाण्यामुळे. म्हणजे मंडळासमोर ते पुन्हा ठोकणार, काच फुटणार, गोदामाला कुलूप लागणार, आणि बाई जगासमोर खोट्या पडणार. त्याच्या चार बुधल्यांपायी.

शनिवारी तो कबुलीजबाबाला चर्चमध्ये गेला. तिथलं मला कसं कळलं ते विचारू नका. नेल्लो पापसुद्धा मोठ्याने सांगतो, आणि मी पुढच्या बाकावर गुडघे टेकून होतो. बऱ्यापैकी जवळ.

"फादर, मी चोरी केली. मद्यार्काची."

"किती, बाळा?" जाळीमागून फादर डर्मट.

"बाटल्यांत सांगू?"

"सांग."

"तुम्हाला दोन पाठवल्या होत्या, त्या धरून की सोडून?"

जाळीमागे खोकल्याची उबळ आली. मग खुर्ची करकरली.

"नेल्लो," फादर खालच्या आवाजात म्हणाले, "या पापाची माफी मी देऊ शकत नाही. मी त्यात बुडालोय. एक अजून शिल्लक आहे. तू जा आणि तिला सांग."

सांगायचं होतं त्याला. चारदा बाईंच्या दारापर्यंत गेला. एकदा बाईंनी केक दिला. एकदा त्याच्या नातीच्या खोकल्याची चौकशी केली. जिच्या घरी चोरी केली तिने आपल्या हातात केकची बशी द्यावी, याहून मोठा मार जगात नाही. तो खाऊन परत आला, तोंड पुसत.

आगाताही त्या दिवसांत विचित्र वागत होती. गोदामाची झाडलोट तिच्याकडे, पण ती पिंपाच्या कोपऱ्यात झाडू घालेना.

"तुला काय झालंय?" ती नवऱ्यावर खेकसली. "बोका मेल्यासारखं तोंड करून काय बसतोस?"

"काही नाही. तुला काय झालंय?"

"मलाही काही नाही!"

आणि दोघं जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून काही नसल्यासारखे सूप ढवळत राहिले. मी होतो तिथे. सूप थंड झालं. थंड आगीचा शोध मुळात त्या घरात लागला होता.

मंडळ यायच्या दिवशी सकाळी नेल्लो गोदामात लवकर पोचला. त्याने दुसराच मार्ग काढला होता. कबुली द्यायची नाही, नव्या पिंपाचं सील अलगद सोडवायचं, पाणी घालायचं आणि परत लावायचं. बाई जिंकतील, गोदाम राहील, आणि पाप त्याच्या छातीत त्याच्याबरोबर कबरीत जाईल. झारी भरून त्याने पिंपावर शिडी लावली. सीलवर चाकू टेकवला.

पण हात चालेना. पहिली चोरी मुलीसाठी होती. ही बाईंसाठी होती, पण फसवणूकही बाईंचीच. त्या आता जगभर ओरडून सांगणार की शुद्ध मद्यार्कावर हे घडतं, आणि जगभरची इंजिनं ठोके घालून काचा फोडणार. तो शिडीवर तसाच उभा राहिला, हातात झारी, आणि झारीच्या तोंडातून पाणी त्याच्याच बुटात गळत होतं.

"नेल्लो, पिंपाला कसली कळी येणार आहे का?"

बाई दारात उभ्या होत्या.

त्याने सांगितलं. शिडीवरूनच. लिंबं, साली, चार बुधले, पावसाचं पाणी, सगळं. मध्येच सिसिलीच्या भाषेत शिरला, परत आला. "तुमची सगळी कीर्ती माझ्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांनी पिऊन टाकली, बाई," तो म्हणाला. "तुम्हीसुद्धा. दोन घोट."

बाई सरळ आत आल्या. कपाटातून त्यांनी काचेची तरंगती कांडी काढली. मद्यार्कात पाणी किती, ते ती बुडण्यावरून सांगते. जुन्या पिंपाच्या तळाशी उरलेलं भांड्यात घेतलं, कांडी सोडली, वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"चार बुधले म्हणालास?"

"चार. आईची शपथ."

"यात त्याच्या दुप्पट पाणी आहे. तुझ्या एकट्याच्या पाण्याने ठोका थांबला नसता, नुसता कमी झाला असता. कुठेतरी अजून पाणी मुरलंय."

दारात ताट पडल्याचा आवाज झाला. आगाता मंडळासाठी केलेल्या मिठाया घेऊन आली होती, त्या जमिनीवर गडगडत होत्या. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

"हिरवे अक्रोड," ती म्हणाली.

"तू?" नेल्लो शिडीवरून ओरडला. "तुझी बहीण ना?"

"बहिणीने नुसत्या बाटल्या दिल्या! काय करू मी? माझ्या मामांसमोर तुझं सरबत ठेवू? काचनळीतली पातळी उतरली म्हणून मीही पाणी घातलं. मला काय माहीत तू आधीच घातलंयस!"

"मला चोर म्हणाली असतीस ना, कळलं असतं तर?"

"म्हणाले असतेच! चोरच आहेस तू!"

"आणि तू?"

"मी?" आगाता म्हणाली, आणि रडायला लागली. "मी चोराची बायको आहे."

बाई खोक्यावर बसल्या. टोपी काढून मांडीवर ठेवली. त्या ओरडतील म्हणून नवराबायको मान खाली घालून उभे, पण त्या पिंपाकडेच बघत राहिल्या.

"ही कांडी दर सोमवारी पिंपात सोडायचा माझा नियम होता," त्या म्हणाल्या. "मीच केलेला. इंजिन शांत झालं त्या मंगळवारनंतर मी ती एकदाही सोडली नाही. विसरले नव्हते. हात जायचा कपाटापर्यंत. वाटायचं, सोडली आणि काही वेगळंच निघालं तर? तुम्ही मद्यार्क चोरलात. मी न बघण्याची चोरी केली. माझी मोठी आहे. तुमच्या चोरीत निदान लग्न तरी लागलं."

नेल्लो म्हणतो, त्या दिवशी त्यांनी त्याला चार शिव्या दिल्या असत्या तर तो मोकळा झाला असता. हे ऐकून तर त्याच्या छातीतला ठोका दुप्पट झाला.

"आता काय करायचं?" त्याने विचारलं. "पाणी घालू?"

"नाही. आधी मी त्यांना लिहिलं होतं ते दाखवायचं. मग खरं काय ते."

"पण काच फुटेल, बाई!"

"फुटेल."

मंडळ आलं. हॅनरॅटी आणि त्यांच्यामागे चारपाच टोप्या. बाईंनी त्यांच्यासमोर सील फोडलं आणि इंजिन शुद्ध मद्यार्कावर चालवलं. पहिल्याच झटक्याला ठक! हॅनरॅटींनी घसा खाकरला. ठक! ठक! नेल्लो प्रत्येक ठोक्याला असा दचकत होता जणू चाबूक त्याच्या पाठीवर पडतोय. मग तो बारीक, किणकिणता आवाज आला. आम्ही सगळेच तो ओळखत होतो. बाईंनी इंजिन बंद केलं.

"मी तुम्हाला लिहिलं ते खोटं होतं," त्या म्हणाल्या. "मुद्दाम नव्हे, पण खोटंच. आता काच बदलू द्या."

काच बदलायला दुपार गेली. तेवढा वेळ मंडळ सावलीत बसलं. आगाताने धूळ झटकून वाचवलेल्या मिठाया वाढल्या, आणि दुसरं काही नव्हतं म्हणून शिल्लक राहिलेलं रोझोलिओ. हॅनरॅटींनी तीन ग्लास घेतले. पुरावा असा जिभेला गोड लागला की त्यांनी चौथा मागितला.

मग बाईंनी नेल्लोला बोलावलं आणि त्याच्या हातात झारी दिली. "जसं घातलं होतंस तसंच घाल. आता सगळ्यांसमोर."

एवढा दांडगा माणूस, पण त्या शिडीच्या पायऱ्या चढताना मी त्याला लहान होताना पाहिलं. मंडळाची माणसं बघत होती, आगाता बघत होती. त्याने झारी उचलली. त्याच्या वाट्याचं पाणी घातलं, मग खाली वाकून बायकोकडे झारी दिली. तिने वर चढून तिच्या वाट्याचं घातलं. बाईंनी कांडी सोडली, मान डोलावली, आणि इंजिन चालू केलं.

घुरघुर. मांजर. निळं चांदणं.

हॅनरॅटी उठून जवळ आले. "पाण्याने?" ते म्हणाले. "म्हणजे कारखान्यात मद्यार्क वाळवून वाळवून शुद्ध करायची गरजच नाही? ओलाच चालतो?"

"ओलाच हवा," बाई म्हणाल्या. "मात्र हे मी शोधलेलं नाही."

"मग कोणी?"

"बोनाकोर्सोंच्या घरच्या लग्नाने."

हॅनरॅटी बराच वेळ हसले, आणि गोदामाचं कुलूप खिशातच राहिलं. बाईंनी आपला लेख परत मागवला आणि पहिल्यापासून लिहिला. त्यात निष्ठेची ओळ त्यांनी तशीच ठेवली. नेल्लोने तीनदा काढायला सांगितली, तरी ठेवली.

माणसं पांगली तेव्हा नेल्लो इंजिनापाशी एकटाच उभा होता, पोलादाला कान लावून. मग त्याचा चेहरा उतरला.

"बाई, बंद करा! ठोकतंय! मला ऐकू येतंय!"

बाईंनी काटे पाहिले. त्या त्याच्याजवळ आल्या, आणि स्वतःचा कानही इंजिनाला लावला. दोघं तसेच उभे राहिले, मध्ये ते घुरघुरणारं पोलाद.

"इंजिन गप्प आहे, नेल्लो."

"मग हा आवाज?"

"तो तुझा आहे," बाई म्हणाल्या. आणि जरा थांबून, "थांब, हा दुसरा माझा."